दुतोंडी ध्वनिक्षेपक आणि कापसाची भिंत

जुन्या रेडिओतून काढलेला ध्वनिक्षेपक, म्हणजे ज्याला आपण 'स्पीकर' म्हणतो तो, तुम्ही कधी नुसताच हातात धरून वाजविला आहे काय? रेडिओच्या पेटीत असताना भरदार वाटणारा त्याचा आवाज पेटीबाहेर काढताच पातळ, पत्र्यासारखा लागतो. बासरी ऐकू येते, पण तबल्यातील डग्गा जणू नाहीसा होतो. आता एका जाड पुठ्ठ्याला किंवा फळीला ध्वनिक्षेपकाच्या मापाचे गोल भोक पाडा आणि त्यामागे तो घट्ट बसवा. काय आश्चर्य! डग्गा परत आला! विजेचा प्रवाह तोच, ध्वनिक्षेपक तोच. मग एका साध्या फळीने ही किमया कशी केली?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण एका वेगळ्या प्रकारच्या ध्वनिक्षेपकाची ओळख करून घेऊ आणि त्याच्या निमित्ताने आपल्या घराच्या भिंती आवाजाचे काय करतात तेही पाहू. मुलांना वर्गात शिक्षकांचे बोलणे नीट ऐकू येते की नाही, हेही याच भिंतींवर अवलंबून असते. म्हणून हा विषय केवळ संगीताच्या शौकिनांचा नाही, तुमचा-आमचा सर्वांचा आहे.

पुढून दाब, मागून विरलन

ध्वनिक्षेपकात कागदाचा एक शंकू असतो. तो पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, म्हणजे तेथे संपीडन होते. पण त्याच क्षणी शंकूच्या मागे जागा मोकळी होते व तेथील हवा विरळ होते. म्हणजे शंकूच्या पुढे संपीडन तर मागे विरलन, आणि पुढे विरलन तर मागे संपीडन. पुढचा व मागचा ध्वनी सारख्याच जोराचा, पण नेमक्या विरुद्ध कलेचा असतो.

मोकळ्या ध्वनिक्षेपकाच्या कडेवरून मागचे विरलन पुढे येते आणि पुढच्या संपीडनाला खाऊन टाकते. हाताने पंखा हलविताना पंखा अगदी हळू हलविला तर हवा कडेवरून मागे निसटते व वारा लागत नाही, तसेच हे. स्वर जितका खालचा, तितका शंकू सावकाश हलतो आणि हवेला निसटायला तितका अधिक वेळ मिळतो. म्हणून डग्गा नाहीसा होतो, बासरी टिकते.

थोडे गणित करू. हवेतील ध्वनीचा वेग शून्य अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो व प्रत्येक अंशामागे तो ०.६ मीटरने वाढतो. आपल्याकडे ३२ अंश तापमान ही काही विशेष गोष्ट नव्हे. त्या तापमानाला हा वेग सेकंदाला ३५० मीटर होतो, हिशेबालाही सोपा! तरंगलांबी काढण्यासाठी या वेगाला कंप्रतेने भागायचे. १०० हर्ट्झच्या खर्ज स्वराची तरंगलांबी ३.५ मीटर, १,००० हर्ट्झची ३५ सेंटिमीटर आणि १०,००० हर्ट्झची अवघी ३.५ सेंटिमीटर. हे तीन आकडे लक्षात ठेवा. पुढे ते वारंवार लागतील.

समजा, ६० सेंटिमीटर व्यासाच्या गोल फळीच्या मधोमध ध्वनिक्षेपक बसविला आहे. मागच्या ध्वनीला कडेपर्यंत जाऊन पुढे येण्यासाठी सुमारे ३० सेंटिमीटर जास्त चालावे लागते. हे अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढे असेल तेव्हा, म्हणजे सुमारे ५८३ हर्ट्झला, विरुद्ध निघालेला ध्वनी पुढे येईपर्यंत पुरता 'सुलटा' होतो आणि मदतच करतो. तरंगलांबी त्याहून वाढत गेली की मदत कमी होत जाते. जास्तीचे अंतर तरंगलांबीच्या एक षष्ठांशाएवढे झाले, म्हणजे सुमारे १९४ हर्ट्झला, की फायदाही नाही व तोटाही नाही. त्याखाली मात्र कंप्रता निम्मी झाली की ध्वनीचा दाबही जवळजवळ निम्मा होतो. फळी मोठी केली, की ही मर्यादा खाली सरकते. फळीची किमया ती एवढीच.

चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली आजच्या ध्वनिक्षेपकाचा पूर्वज जगापुढे मांडला, तेव्हाही शंकूच्या मागचा ध्वनी पुढे येऊ न देण्यासाठी फळीची गरज त्यांनी ओळखली होती. पुढे बहुतेक कारखानदारांनी मागचा ध्वनी पेटीत कोंडून टाकला. काहींनी मात्र तो मोकळाच ठेवला. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या 'क्वाड' कंपनीने १९५७ साली बाजारात आणलेल्या स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपकात शंकूऐवजी प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा होता आणि तो पुढे व मागे दोन्हीकडे गात असे. अलीकडच्या काळात सीगफ्रीड लिंकविट्झ (१९३५–२०१८) या अभियंत्याने उघड्या फळीवरच्या ध्वनिक्षेपकांचा मोठा अभ्यास केला व आपले आराखडे हौशी लोकांपुढे ठेवले. अशा ध्वनिक्षेपकाला शास्त्रीय भाषेत 'द्विध्रुवी' म्हणतात. आपण त्याला दुतोंडी म्हणू या.

आपल्या खंजिरीचे नाते

दुतोंडी ध्वनिक्षेपक परदेशी वाटत असेल, तर आपल्या भजनी मंडळातील खंजिरी आठवा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे विदर्भात ती घरोघरी माहीत आहे. खंजिरी काय किंवा डफ काय, एका लाकडी कड्यावर एका बाजूने कातडे ताणलेले असते व दुसरी बाजू उघडी असते. कातडे पुढे गेले की पुढे संपीडन, मागे विरलन. म्हणजे हा दुतोंडी ध्वनिक्षेपकच! डग्ग्याचे भांडे मात्र खालून बंद असते. त्यामुळे कातड्याच्या आतील बाजूचा ध्वनी कोंडला जातो आणि खर्ज घुमतो. पेटीतला ध्वनिक्षेपक हा डग्ग्याचा भाऊ, तर उघड्या फळीवरचा हा डफाचा.

आता मोकळ्या मैदानात मित्राला डफ एका लयीत वाजवायला सांगा आणि तुम्ही त्याच्याभोवती चार-पाच मीटर अंतरावरून गोल फिरा. कातड्याच्या समोर आवाज मोठा, मागेही मोठा, पण डफाची कड तुमच्याकडे आली की खालचा सूर चांगलाच दबतो. कारण त्या जागी पुढचा व मागचा ध्वनी सारखेच अंतर चालून येतात आणि एकमेकांना रद्द करतात. (खंजिरीच्या झांजा या प्रयोगात घोटाळा करतात, म्हणून डफ बरा.)

प्रत्येक दिशेला किती आवाज जातो हे कागदावर काढले, तर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी आकृती मिळते. ध्वनीचा दाब कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात बदलतो. समोर, म्हणजे शून्य अंशाला, तो १ धरला, तर ६० अंशाला तो अर्धा आणि ९० अंशाला शून्य. ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ६० अंशाला ती एक चतुर्थांशच उरते. सर्व दिशांचा विचार करून सरासरी काढली, तर ती नेमकी एक तृतीयांश येते. म्हणजे समोर बसलेल्याला सारखाच आवाज ऐकू येत असताना दुतोंडी ध्वनिक्षेपक खोलीत एकूण ऊर्जा टाकतो ती सर्व दिशांना सारखा गाणाऱ्या ध्वनिक्षेपकाच्या फक्त एक तृतीयांश! ही गोष्ट घरात किती उपयोगी आहे, ते आता पाहू.

खोली नावाचे वाद्य

जळगाव जामोद हे आमचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. येथील जुनी घरे मातीच्या जाड भिंतींची व धाब्याची. घरात धान्याची पोती, गोधड्यांच्या चळती, कडीपाटाच्या लाकडी तुळया, आणि बाहेर उघडी ओसरी. अशा घरात टाळी वाजवा. आवाज चटकन विझतो. आता नव्या स्लॅबच्या घरात या. गुळगुळीत प्लॅस्टर, गुळगुळीत फरशी, डोक्यावर काँक्रीट. तेथे टाळी वाजविली की आवाज रेंगाळतो. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती चार मीटर अंतरावर असतील, तर ध्वनी एका फेरीत आठ मीटर चालतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ४४ फेऱ्या घालतो. म्हणून टाळीनंतर 'टर्रर्र' असा आवाज येतो.

अशा रेंगाळणाऱ्या आवाजाला निनाद म्हणतात. विजापूरच्या गोल घुमटात हाच गुण अद्‌भुत वाटतो आणि लोक मुद्दाम तो ऐकायला जातात. पण ज्या खोलीत रोज बोलायचे व ऐकायचे, तेथे तोच दोष ठरतो.

निनादाचे गणित प्रथम मांडले ते वॉलेस सॅबिन या तरुण अमेरिकन प्राध्यापकाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेले काही समजेना. ते दुरुस्त करण्याचे काम सॅबिनकडे आले. दिवसा रहदारीचा आवाज असतो, म्हणून तो रात्री काम करी. साधने तरी कोणती? एक ऑर्गनची नळी, एक घड्याळ, स्वतःचे कान आणि जवळच्या सँडर्स नाट्यगृहातून वाहून आणलेल्या खुर्च्यांच्या गाद्या! नळीचा स्वर बंद झाल्यावर किती वेळ ऐकू येतो हे तो मोजी. रिकाम्या सभागृहात हा वेळ सुमारे साडेपाच सेकंद होता. एकेक गादी आत आणावी तसतसा तो कमी होई. यातून त्याने जो नियम काढला, तो आजही जगभर वापरतात:

निनादकाल (सेकंद) = ०.१६१ × खोलीचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण

निनादकाल म्हणजे ध्वनीची ऊर्जा दशलक्षांशापर्यंत उतरण्यास लागणारा वेळ. शोषण मोजण्याची सॅबिनची कल्पना तर फारच सुंदर आहे. उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक शोषण. प्लॅस्टरच्या भिंतीचा शोषणांक सुमारे ०.०२, म्हणजे पन्नास चौरस मीटर भिंत मिळून एका चौरस मीटर खिडकीचे काम करते! या नियमाच्या आधारे बांधलेले बॉस्टनचे सिंफनी सभागृह १९०० साली उघडले. आपल्या मुंबईतही भारतीय संगीत व नाटक ध्वनिवर्धकावाचून ऐकता यावे या हेतूने राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राचे टाटा थिएटर उभारण्यात आले. फिलिप जॉन्सन या वास्तुशिल्पज्ञाने व सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञाने आखलेले ते नाट्यगृह १९८० साली सुरू झाले.

आता आपल्या गावातल्या एका स्लॅबच्या खोलीचा हिशेब करू. लांबी ५ मीटर, रुंदी ४ मीटर, उंची ३ मीटर. घनफळ ६० घनमीटर. जमीन, छत व चार भिंती मिळून क्षेत्रफळ ९४ चौरस मीटर. दारे-खिडक्या धरून सरासरी शोषणांक ०.०३ घेतला, तर शोषण २.८ एकके. निनादकाल सुमारे ३.४ सेकंद! घरात चार माणसे आली (प्रत्येकी सुमारे ०.४५ एकक) आणि दोन कापसाच्या गाद्या पसरल्या (चार चौरस मीटर, शोषणांक ०.६), की शोषण ७ एकके होते व निनादकाल १.४ सेकंदांवर येतो. घरी संगीत ऐकण्यासाठी तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास असलेला बरा. म्हणजे अजून बरेच काम शिल्लक आहे.

दुतोंड्याला कोठे ठेवावे?

येथे दुतोंडी ध्वनिक्षेपक आपल्या मदतीला येतो. लक्षात घ्या, तो निनादकाल कमी करीत नाही. तो खोलीचा गुण आहे. पण खोलीत मुळात एक तृतीयांशच ऊर्जा टाकल्यामुळे रेंगाळणारा आवाज थेट आवाजाच्या तुलनेने कमी राहतो. त्यामुळे तितकाच स्पष्ट आवाज आपण १.७ पट अंतरावर बसून ऐकू शकतो. (३ चे वर्गमूळ सुमारे १.७.) कठीण भिंतींच्या घरात हा मोठाच लाभ आहे.

पण दुतोंड्याला एक तोंड मागेही आहे! मागचा ध्वनी भिंतीवर आपटून परत येतो. येथे एक गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. भिंतीला बांधलेल्या दोरीवरील उंचवटा परत येताना उलटा होतो, हे आपण शिकतो. ध्वनीतही कणांचे विस्थापन तसेच उलटते, पण दाब उलटत नाही. संपीडन भिंतीवरून संपीडन म्हणूनच परततो. म्हणून ध्वनिक्षेपक भिंतीपासून १ मीटर अंतरावर असेल, तर मागचा ध्वनी विरुद्ध कलेने निघतो, दोन मीटर जास्त चालतो आणि सुमारे ५.७ सहस्रांश सेकंद उशिरा पुढच्या ध्वनीला येऊन मिळतो.

ही दोन मीटर जास्तीची वाट अर्ध्या तरंगलांबीएवढी असेल, म्हणजे तरंगलांबी चार मीटर व कंप्रता ८७.५ हर्ट्झ असेल, तर दोन्ही ध्वनी एकमेकांना साथ देतात. पूर्ण तरंगलांबीएवढी असेल, म्हणजे १७५ हर्ट्झला, तर ते एकमेकांना खातात. पुन्हा २६२.५ हर्ट्झला साथ, ३५० हर्ट्झला विरोध. प्रत्यक्षात परतणारा ध्वनी दुबळा झालेला असल्याने पूर्ण रद्द होत नाही, पण खड्डे पडतात.

आता ध्वनिक्षेपक सरकवत भिंतीपासून फक्त २५ सेंटिमीटर अंतरावर नेऊ. पहिली साथ आता ३५० हर्ट्झला मिळते आणि त्याखाली खर्ज घसरत जातो. भिंतीला टेकवला, तर जवळजवळ नाहीसाच होतो. पेटीच्या ध्वनिक्षेपकाचे नेमके उलट असते; तो भिंतीजवळ नेला की खर्ज वाढतो. म्हणून पहिला नियम: दुतोंड्याला भिंतीपासून किमान एक मीटर पुढे ओढा. या उपायाला एक पैसाही लागत नाही!

दुसरा नियम बाजूच्या भिंतींचा. दुतोंड्याच्या कडेच्या दिशेला आवाज जवळजवळ नसतो. मग ही शांत दिशाच बाजूच्या भिंतीकडे वळवा. तुम्ही ऐकायच्या जागी बसा आणि मित्राला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात ध्वनिक्षेपक दिसला, की ती परावर्तनाची जागा. आता ध्वनिक्षेपक थोडा आत वळवा, म्हणजे त्या जागेच्या दिशेला त्याची कड येईल. अतिशय उंच स्वरांना हा नियम काटेकोर लागू पडत नाही, कारण तेथे तरंगलांबी शंकूहून लहान होते व ध्वनी झोतासारखा जातो. पण तो झोतही बाजूला जात नाही, म्हणून काम भागते.

तिसरी गोष्ट खोलीच्या स्वतःच्या स्वरांची. बासरीतील हवेप्रमाणे खोलीतील हवेचेही ठरावीक स्वर असतात. पाच मीटर लांबीचा सर्वांत खालचा स्वर ३५ हर्ट्झ, चार मीटर रुंदीचा सुमारे ४४ आणि तीन मीटर उंचीचा सुमारे ५८. पेटीचा ध्वनिक्षेपक कोपऱ्यात ठेवला, की तिन्ही स्वर जागे होतात व काही सूर उगाच घुमतात. दुतोंडी मात्र हवेला एकाच दिशेने मागे-पुढे ढकलतो. त्यामुळे ज्या दिशेला त्याचे तोंड, त्या दिशेचे स्वर तो जागवतो. रुंदीचे व उंचीचे फारसे नाहीत.

भिंतीला काय लावावे?

आता भिंतींकडे वळू. बाजारात दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा फोम मिळतो. 'हा लावा, सारा आवाज शोषला जाईल' असे सांगणारेही मिळतात. कोणी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवितात. पैसे खर्च करण्यापूर्वी थोडा विचार करा.

सच्छिद्र पदार्थात हवेचे कण पुढे-मागे हलताना तंतूंवर घासतात आणि ध्वनीच्या ऊर्जेची उष्णता होते. पण भिंतीला अगदी लागून असलेली हवा हलूच शकत नाही. भिंत तिला अडविते. कण सर्वांत जोराने हलतात ते भिंतीपासून पाव तरंगलांबी अंतरावर. अडीच सेंटिमीटर ही ज्या ध्वनीची पाव तरंगलांबी, त्याची कंप्रता येते ३,५०० हर्ट्झ. पातळ फोम त्याच्या आसपास व वर चांगले काम करील, त्याखाली हळूहळू निकामी होत जाईल. परिणाम काय? उंच स्वर शोषले जातात, मधले व खालचे तसेच घुमत राहतात, आणि खोली कोंदट वाटू लागते. दुतोंड्याच्या मागे असा पातळ फोम लावला, तर मागचा ध्वनी नाहीसा होत नाही, फक्त त्याचा रंग बिघडतो. अंड्यांच्या ट्रेची गत तर याहून वाईट.

म्हणून तज्ज्ञ सांगतात: मागच्या भिंतीवर शोषक लावायचाच, तर जाड लावा, नाही तर तेथे ध्वनी विखुरणारे काही ठेवा. लहानमोठ्या पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट हे उत्तम साधन आहे. पुस्तकांच्या कमी-जास्त खोलीमुळे ध्वनी आरशासारखा परत न येता निरनिराळ्या दिशांना फुटतो. भिंतीपासून अंतर पुरेसे असेल, तर असा उशिरा व विखुरलेला ध्वनी कानाला त्रास न देता खोलीला मोकळेपणा देतो.

आणि जाड शोषक आणायचा कोठून? वऱ्हाडात राहणाऱ्याने हा प्रश्न विचारावा काय? आपल्या शेतात पिकणारा कापूस हा उत्तम ध्वनिशोषक आहे! सॅबिनने गाद्याच तर वाहिल्या होत्या. गादी घरातली जुनी झाली, की तिची रुई पिंजून घ्या. १.२ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर खोल अशी लाकडी चौकट करा. तिच्यात रुई सैलसर भरा. ठासून भरली तर हवेला आत शिरायला वाव राहत नाही. ती खाली बसू नये म्हणून मधून मधून टाके घाला. पुढून बारदानाचे किंवा खादीचे विरळ कापड ताणा. कापडातून फुंकर आरपार गेली पाहिजे, ही त्याची परीक्षा. रेक्झिन किंवा प्लॅस्टिक लावाल, तर सारी मेहनत फुकट!

आता एक युक्ती. चौकट भिंतीला चिकटवू नका, मागे दहा सेंटिमीटर पोकळी सोडा. म्हणजे रुईची पुढची बाजू भिंतीपासून २० सेंटिमीटरवर येते. नुसत्या दहा सेंटिमीटरला पाव तरंगलांबीची कंप्रता ८७५ हर्ट्झ होती, ती आता सुमारे ४३८ वर आली. एक तोळाही कापूस न वाढविता शोषण एक सप्तक खाली उतरले! अशा दहा चौकटी म्हणजे ७.२ चौरस मीटर. शोषणांक ०.८ धरला, तर ५.८ एककांची भर पडते व आपल्या खोलीचा निनादकाल १.४ वरून सुमारे पाऊण सेकंदावर येतो. मोठ्या दोन खिडक्या उघडल्या की आणखी कमी. जाड पडदे, सतरंजी व पुस्तके उरलेले काम करतील.

मात्र १०० हर्ट्झची पाव तरंगलांबी जवळजवळ ८८ सेंटिमीटर आहे. एवढी जाड गादी भिंतीला कोण लावणार? म्हणून खर्जाचा बंदोबस्त चौकटींनी होत नाही. तो ध्वनिक्षेपकाची व बैठकीची जागा बदलूनच करावा लागतो. आणखी एक इशारा: कापूस पेट घेतो. विजेची बटणे, तारा व देवघरातील समई यांपासून चौकटी चांगल्या दूर ठेवा. ओल व उंदीर यांवरही लक्ष हवे.

शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी

संगीत ऐकणे ही हौस आहे, पण वर्गात शिक्षकांचे शब्द ऐकू येणे ही गरज आहे. बोलताना स्वर जोरदार व लांब असतात, व्यंजने दुबळी व क्षणभराची असतात. निनाद जास्त असला, की आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर पडते. मग 'पाट' की 'पाठ', 'ताट' की 'थाट', हे मागच्या बाकावर कळत नाही. असा विद्यार्थी लक्ष देत नाही असे आपण समजतो. प्रत्यक्षात दोष त्याचा नसून भिंतींचा असतो.

८ मीटर लांब, ६ मीटर रुंद व ३.५ मीटर उंच असा वर्ग घ्या. रिकामा असताना त्याचा निनादकाल सुमारे ४.७ सेकंद येतो. चाळीस विद्यार्थी बसल्यावर (प्रत्येकी ०.४ एकक) तो १.२४ सेकंद होतो. स्पष्ट बोलणे ऐकू येण्यासाठी तो सुमारे ०.६ सेकंद असावा, असे मानतात. आठ चौरस मीटर दारे-खिडक्या उघडल्या आणि मागच्या भिंतीवर सोळा चौरस मीटर कापसाच्या चौकटी लावल्या, तर शोषण ४२.६ एकके होते व निनादकाल ०.६३ सेकंद! (हा हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा, सूत्र वर दिलेच आहे.) शेवटच्या बाकावरच्या मुलाला शब्द ऐकू यावा यासाठी दूर देशातून काही आणावे लागत नाही. लागतो तो एक सुतार, एक पिंजारी आणि थोडा हिशेब.

करून पाहा

१. नादकाट्याला आघात देऊन तो कानाजवळ उभा धरा व सावकाश स्वतःभोवती फिरवा. एका फेरीत आवाज किती वेळा मोठा व किती वेळा लहान होतो? तो दोन भुजांचा असल्याने त्याचे उत्तर डफापेक्षा वेगळे येते. का, ते विचार करून लिहा.

२. बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या रेडिओचा ध्वनिक्षेपक मोकळा, ३० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर व ६० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर वाजवून खर्जातील फरक नोंदवा. विजेच्या मुख्य प्रवाहावर चालणारे उपकरण मात्र उघडू नका.

३. रिकाम्या वर्गात फुगा फोडा व भ्रमणध्वनीवर त्याचे ध्वनिमुद्रण करा. नंतर वर्ग भरलेला असताना तसेच करा. आवाज विझायला लागणारा वेळ दोन्हींत किती? खिडक्या उघडून व मागच्या भिंतीला गोधड्या टांगून पुन्हा मोजा. आकड्यांचे कोष्टक करून वर्गात लावा आणि मुख्याध्यापकांनाही दाखवा.